हब मोटारीचे चाक आणि तारांचा सूर

माझी शाळा परभणीपासून जिंतूर रस्त्याने १६ किलोमीटरवर आहे आणि गेली दोन वर्षे मी तेथे विजेच्या सायकलवर जातो. ही सायकल कंपनीतून तयार आलेली नाही. २६ इंची साधी सायकल घेऊन तिचे मागचे चाक काढले आणि त्या जागी हब मोटार (चाकाच्या मधल्या तुंब्यात, म्हणजे हबमध्येच बसवलेली मोटार) असलेले चाक बसवले. बॅटरी ३६ व्होल्टची, मोटार २५० वॅटची. मोटारीची शक्ती २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर आपल्या कायद्यानुसार ती मोटार वाहनात मोडत नाही. त्यामुळे नोंदणी आणि परवाना या दोन्ही कटकटी नाहीत. बॅटरीने आजवर दगा दिला नाही, मोटारीने तर नाहीच. पहिल्या वर्षी मला रडवले ते चाकाने, आणि तेही त्याच्या सर्वांत स्वस्त भागाने, म्हणजे तारांनी.

पहिली तार तुटली तेव्हा मला वाटले की चाकाखालून खडा उडाला. ‘टण्’ असा एकच आवाज आला आणि दोनशे पावलांवर मागचे चाक ब्रेकच्या रबराला घासू लागले. उतरून पाहिले तर एक तार हबच्या तबकडीजवळ, जिथे तिला काटकोनात वळण दिलेले असते त्या मानेतच तुटून लोंबत होती. त्या वर्षात अशा नऊ तारा गेल्या. सहा मानेत तुटल्या आणि तीन दुसऱ्या टोकाला, निपलमध्ये (तार रिमला धरून ठेवणाऱ्या लहान नटात) जिथे आटे सुरू होतात तिथे. त्या वेळी मी सगळ्या तुटक्या तारा एका डब्यात टाकत होतो, इतकेच. त्या दोन ठिकाणी तुटण्यामागे दोन वेगळी कारणे आहेत हे लक्षात यायला बराच काळ गेला.

वडिलांची काळी सायकल घरात असताना नवी कशाला घेतली, असे अनेकांनी विचारले. मोटार तिलाच बसवावी अशी माझीही इच्छा होती, पण त्या जुन्या पद्धतीच्या सायकलींच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात, तर हब मोटारी बहुधा ३६ भोकांच्या येतात. शिवाय त्या २८ इंची रिमचा टायर बसण्याचा व्यास ६३५ मि.मी. असतो आणि हल्लीच्या ‘२८ इंची’ रिमचा ६२२, म्हणजे नाव एक आणि माप दोन. त्यामुळे वडिलांची सायकल अजून भिंतीला टेकून उभी आहे.

सायकल दुरुस्त करणारे चाचा माझ्या ओळखीचे. तिसरी तार तुटल्यावर ते म्हणाले, “सर, तार बारीक पडती या वजनाला. जाडी टाकू, मग नाव काढायची नाही.” मलाही ते पटले. जी वस्तू तुटते ती जाड करावी, हे आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेले शहाणपण आहे. जालन्याच्या सळईपासून घराच्या कडीकोयंड्यापर्यंत सगळीकडे ते लागू पडते. आधीच्या तारा २.३ मि.मी. जाडीच्या होत्या. आम्ही सगळ्या ३६ बदलून १२ गेजच्या, म्हणजे सुमारे २.६ मि.मी. जाडीच्या तारा टाकल्या आणि चाक साध्या सायकलीसारखेच तीन क्रॉस घालून, म्हणजे प्रत्येक तार वाटेत दुसऱ्या तीन तारांना छेदेल असे बांधले. चाक लोखंडी फाटकासारखे भक्कम दिसत होते. पाच आठवड्यांत त्याची तार तुटली, आणि पुढे दिवाळीच्या सुट्टीत टायर काढला तेव्हा रिमच्या दोन भोकांभोवती केसासारख्या बारीक भेगा दिसल्या.

इथे मी विज्ञानाच्या शिक्षकाला शोभेल ते काम अखेरीस केले, म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

बैलगाडीचे चाक आणि सायकलचे चाक दिसायला भाऊभाऊ असले तरी त्यांचे काम उलटे चालते. बैलगाडीच्या चाकात तुंबा खालच्या लाकडी आऱ्यांवर उभा असतो. लोहार लोखंडी धाव तापवून लाल करतो, ती घेरावर चढवून पाणी ओततो आणि आक्रसणारी धाव सगळे आरे आत दाबून धरते. म्हणजे तिथले आरे जन्मतःच दाबाखाली असतात. सायकलची तार दाब सोसूच शकत नाही, ती लगेच वाकेल. म्हणून तिला बांधतानाच जोरात ताणून ठेवतात, एकेका तारेवर साधारण १००० न्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलो वजनाचा ताण असतो. आपण सायकलवर बसलो की जमिनीलगतच्या तीन-चार तारांचा ताण कमी होतो, आणि ती घट हाच आपल्या वजनाचा भार. चाक एकदा फिरले की प्रत्येक तारेचा ताण एकदा उतरतो आणि एकदा चढतो. २६ इंची चाक एका किलोमीटरला सुमारे ४८० वेळा फिरते. माझ्या रोजच्या ३२ किलोमीटरला साडेपंधरा हजार फेरे होतात आणि २५ दिवसांच्या महिन्याला पावणेचार लाखांच्या वर. तार एका धक्क्याने तुटत नाही. जुनी पत्र्याची पट्टी हाताने पुढे-मागे वाकवत राहिले की ती जशी अचानक हातात येते, तशी ती या लाखो चढउतारांनी थकून तुटते, आणि चढउतार जितका मोठा तितकी लवकर तुटते.

आता जाडीचा प्रश्न. पोलाद ताणले की लांबते, आणि बारीक तार जाड तारेपेक्षा अधिक लांबते. २१५ मि.मी. लांबीच्या, २ मि.मी. जाडीच्या तारेवर १००० न्यूटनचा ताण दिला तर ती सुमारे ०.३४ मि.मी. लांबते, तितक्याच लांबीची २.६ मि.मी. जाडीची तार त्याच ताणाला केवळ ०.२० मि.मी. लांबते. आता चाक खड्ड्यात आपटले आणि रिम क्षणभर पाव मिलिमीटर आत दबली असे समजा. बारीक तारेत अजून थोडी ओढ शिल्लक राहते. जाड तार मात्र पूर्ण सैल पडते, तिचे डोके तबकडीच्या भोकात हलते, निपल कणभर उलटे फिरते, आणि पुढच्याच क्षणी ताण झटक्याने परत येतो. सैल तार म्हणजे दार उघडे ठेवलेले घर, एकदा सुरू झाले की शेजारच्या तारांवर भार जातो आणि त्याही सैल होतात. जाड तारेला हे टाळायचे असेल तर तिला निदान सव्वापट ताण द्यावा लागेल. तो ताण तार सहज सोसते. रिम सोसत नाही. माझ्या रिमच्या भेगा याच ओढाताणीतून आल्या होत्या. आम्ही तार मजबूत केली आणि चाक कमजोर केले.

काळ्या जमिनीवरून गेलेल्या रस्त्यांवर हे अधिक जाणवते. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तडकते आणि वरचे डांबर लाटांसारखे होते. जिथे रस्ता नुकताच केला आहे तिथेही दुसऱ्या उन्हाळ्यात कडेच्या बाजूला लांबच लांब भेगा पडतात, आणि सायकल नेमकी कडेनेच चालवावी लागते.

मानेत तुटणाऱ्या सहा तारांचा उलगडा असा झाला. निपलजवळ तुटलेल्या तीन तारांचे कारण भूमितीत होते. साध्या हबची तबकडी लहान असते, तिच्या भोकांची त्रिज्या २२ मि.मी.च्या आसपास. माझ्या मोटारीची हीच त्रिज्या ६० मि.मी. आहे, कारण आत मोटार आणि दातेरी चक्रे मावायची असतात. २६ इंची रिममध्ये निपलच्या बैठकीपर्यंतची त्रिज्या सुमारे २७० मि.मी. धरली, तर साध्या हबला तीन क्रॉस घातल्यावर तार रिमपाशी सरळ रेषेपासून चारएक अंशांनी कललेली असते. मोटारीच्या हबला तसेच तीन क्रॉस घातले की हा कल १२ अंशांवर जातो. निपल तितके वळू शकत नाही, म्हणून तार निपलच्या तोंडाशी वाकते आणि प्रत्येक फेऱ्यात तिथेच मुडपत राहते. त्यात तिथे आटे पाडलेले, म्हणजे खाचा आधीच तयार. क्रॉस एकावर आणला तर हाच कल साडेपाच अंश होतो, साध्या सायकलच्या जवळपास. २० इंची घडीच्या सायकलींचे दुखणे याहून वाईट: तिथे रिमची त्रिज्या १९५ मि.मी.च्या आसपास, म्हणून तेवढ्याच मोटारीला तीन क्रॉस घातले तर कल १७ अंशांच्या पुढे जातो.

क्रॉस कमी केला तर मोटारीचा जोर तारा कशा सोसणार, ही शंका मी चाचांच्या आधी स्वतःलाच विचारली. क्रॉस घालायचा तो जोर हबकडून रिमकडे पोहोचवण्यासाठीच. जेम्स स्टार्ली यांनी १८७४ साली तिरक्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले त्यामागचा हेतू तोच होता. (त्यानंतर केवळ २१ वर्षांनी, १८९५ मध्ये, अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांनी मागच्या चाकाच्या हबमध्ये मोटार बसवलेल्या सायकलचे पेटंट मिळवले, म्हणजे आमचा हा ‘नवा’ प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे.) तार केंद्रापासून जितक्या लांबून जाते तितका तिचा तरफेसारखा हात मोठा. साध्या हबला तीन क्रॉस घातले तर हे लंबांतर सुमारे २० मि.मी. येते. मोटारीच्या मोठ्या हबला एकच क्रॉस घातला तरी ते २६ मि.मी. येते. म्हणजे एक क्रॉसची मोटार तीन क्रॉसच्या साध्या हबपेक्षा जोर पोहोचवायला सोयीचीच आहे. ४० न्यूटन-मीटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३६ तारांत वाटला तर प्रत्येकीच्या ताणात ४३ न्यूटनचा फरक पडतो, तोही हजारातून. मोटारीचा जोर तारांचा शत्रू नाहीच. माझे ८२ किलो, सायकलीचे २६ किलो, दप्तर-डबा आणि रस्ता, हे खरे ओझे. क्रॉस अजिबात न घालता सरळ तारा लावणे मात्र चुकीचे, कारण मग चढावर हब आधी थोडे फिरते आणि रिम नंतर.

हा सगळा हिशेब मी वहीच्या पानावर आकृती काढून चाचांना दाखवला. त्यांनी आकृतीकडे फारसे पाहिले नाही. त्यांनी डब्यातल्या तुटक्या तारा एकेक उचलून उजेडात धरल्या, मानेतल्या एका बाजूला आणि निपलच्या दुसऱ्या बाजूला अशा दोन ढिगांत लावल्या आणि म्हणाले, “हां. ही ढिली पडून मेली, ही बेंड होऊन मेली.” मग म्हणाले, “करून बघू. बनी तो बनी, नहीं तो परभणी. आन् परभणीतच बसलोय आपण.”

नवे चाक असे बांधले. रिम दुहेरी भिंतीची, ३६ भोकांची. तारा २ मि.मी. जाडीच्या, लुधियानाहून येणाऱ्या साध्याच. खरे म्हणजे मानेत २.३ आणि पुढे २ मि.मी. अशा दोन जाडीच्या तारा या कामाला सर्वांत चांगल्या, पण त्या इथे मिळेनात. अडचण अशी की मोटारीच्या तबकडीची भोके जाड तारांसाठी ३ मि.मी.ची पाडलेली असतात आणि त्यांत बारीक तार खुळखुळते. मानेला आधार राहत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून २.५ मि.मी. स्क्रूच्या पितळी वॉशर आणल्या आणि प्रत्येक तारेच्या डोक्याखाली एक घातली. छत्तीस वॉशर, प्रत्येक मसूरडाळीएवढी. त्यातल्या चार फरशीच्या फटीत गेल्या. सगळ्या तारा जागी बसल्यावर चाचांनी प्रत्येक डोक्यावर छिन्नीच्या बोथट टोकाने हलका ठोका दिला, म्हणजे मान तबकडीला चिकटून बसली. नंतर आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून झाल्यावर शेजारशेजारच्या दोन तारा मुठीत धरून जोरात आवळत संपूर्ण चाकाभोवती फिरले. हे आवळणे दिसायला किरकोळ वाटते, पण कारखान्यात वळवताना मानेत राहिलेला अंतर्गत ताण त्याने उतरतो; जी तार पुढे रस्त्यावर सैल पडणार ती इथेच सैल पडते आणि तिला आताच पुन्हा आवळता येते. घाईत चाक बांधून देणारे नेमका हाच भाग गाळतात. माझ्या पहिल्या, तयार आलेल्या चाकात तो केला नव्हता, याबद्दल मला आता शंका नाही.

तारांचा ताण मोजायचे उपकरण मिळते, पण चाचांकडे ते नाही आणि मला घ्यायचे नव्हते. आमच्या गल्लीतील भजनी मंडळाची पेटी माझ्या घरी असते. तार छेडली की तिचा सूर लागतो, आणि सुराची उंची ताण, लांबी आणि जाडी यांवर ठरते. २ मि.मी.ची, वीस-एकवीस सें.मी. मोकळ्या लांबीची तार ९०० ते १००० न्यूटन ताणाला पेटीच्या मधल्या सप्तकातील काळी पाचच्या, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीच्या जवळ वाजते. अट इतकीच की क्रॉसवर तारा एकमेकींना टेकू नयेत, नाहीतर सूर बोथट येतो. एका क्रॉसमध्ये त्या तशा बसवता येतात. या पद्धतीचा खरा फायदा ताण किती हे कळण्यात नाही, सगळ्या तारांचा ताण सारखा आहे की नाही हे कळण्यात आहे. शेजारच्या एका पट्टीचा फरक म्हणजे ताणात सुमारे १२ टक्क्यांचा फरक, आणि तेवढा फरक ज्याचा कान भजनात घडला आहे त्याला झोपेतही कळतो. मी पेटीवर सूर धरून बसलो आणि चाचा नखाने तार छेडत निपल फिरवत गेले. दहाव्या-बाराव्या तारेनंतर त्यांना पेटीची गरज उरली नाही. मी सूर देण्याआधीच ते “ही उतरलीय” असे म्हणून चावी लावत होते.

डाव्या बाजूला मात्र काळी पाच लागत नाही आणि लावूही नये. फ्रीव्हीलला (चेन जिथे बसते त्या दातेरी चाकाला) जागा द्यायची म्हणून मागच्या हबची उजवी तबकडी मध्याकडे सरकलेली असते. रिम चौकटीच्या मध्यावर ठेवायची तर उजव्या तारा अधिक ताणाव्या लागतात आणि डाव्या कमी. माझ्या चाकात उजवीकडे काळी पाच आणि डावीकडे पांढरी पाच असा हिशेब बसला. तीन पट्ट्या खाली म्हणजे डाव्या तारांवर उजव्यांच्या सुमारे ७० टक्केच ताण. पहिल्या वर्षी मानेत तुटलेल्या सहापैकी पाच तारा डावीकडच्याच होत्या, हे आता डब्यातल्या खुणांवरून ताडून पाहिले. कमी ताणाची तार आधी सैल पडते, एवढेच त्याचे कारण.

टायरबद्दल थोडक्यात. दीड इंची टायर काढून २.१ इंची घातला आणि हवा टणक न भरता ४० ते ४५ पीएसआय ठेवली. जो धक्का टायरने गिळला तो तारेपर्यंत पोहोचतच नाही, आणि हब मोटारीसारखे तीन किलोचे वजन चाकातच असेल, तर त्याला चौकटीतल्या स्प्रिंगचा काही उपयोग नसतो. त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये टायर आणि तारा एवढेच आहे. सर्व सुधारणांत ही सर्वांत स्वस्त होती आणि मी ती सर्वांत शेवटी केली.

आणखी एक गोष्ट तारांची नाही, पण चाकाचीच आहे. मोटार चाकाला पुढे फिरवते तेव्हा तिची आस तितक्याच जोराने मागे फिरू पाहते. आसेच्या दोन्ही बाजू चपट्या केलेल्या असतात आणि त्या चौकटीच्या खाचेत अडकतात. ४० न्यूटन-मीटरचा टॉर्क १० मि.मी. अंतरावर अडवायचा म्हणजे ४००० न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलोचा जोर त्या खाचेच्या दोन कडांवर. केवळ नट घट्ट करून हे भागत नाही. आस एकदा जरी फिरली तरी तिच्यातून बाहेर येणारी वायर पिळवटून तुटते. आसेवर चपखल बसणारी आणि दुसऱ्या टोकाला चौकटीला क्लिपने बांधलेली पोलादी पट्टी, जिला टॉर्क आर्म म्हणतात, ती लावलीच पाहिजे, आणि ॲल्युमिनियमचा पुढचा चिमटा असेल तर त्यात मोटार बसवण्याचा मोहच टाळावा.

या चाकावर आता साडेसहा हजार किलोमीटर झाले आहेत. एक तार गेली, पण ती ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीतून पडलेले कांडे चाकात अडकल्याने. तिचा दोष नव्हता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चाक वर करून सगळ्या ३६ तारा छेडतो. पावसाळ्यानंतर डावीकडच्या दोन तारा पांढरी पाचवरून घसरल्या होत्या, त्यांना पाव-पाव फेरा दिला.

डाव्या-उजव्या ताणातला फरक मात्र अजून डोक्यात आहे. भोके मध्यावर न पाडता एका बाजूला सरकवून पाडलेल्या रिमा मिळतात. भोके डावीकडे असतील, तर उजव्या तारांचा कोन थोडा पसरतो आणि डावीकडचा ताण वाढवता येतो. २६ इंची, ३६ भोकांची, दुहेरी भिंतीची अशी रिम चाचांनी मागवून ठेवली आहे. ती आली की उन्हाळ्याच्या सुट्टीत चाक पुन्हा उघडायचे आणि डावीकडे काळी चारपर्यंत तरी चढते का ते पाहायचे, असे ठरले आहे. वॉशर या वेळी चाळीस आणून ठेवल्या आहेत.